सोंगक्रान : ओंजळभर पाण्याचे नववर्ष

थायलंडमध्ये 13 ते 15 एप्रिल या दिवसांत साजरा होणारा सोंगक्रान हा सण सूर्याच्या मेष राशीतील प्रवेशाशी निगडित आहे, आणि 1941पासून तेथील सरकारी वर्ष 1 जानेवारीला सुरू होत असले तरी पोटापाण्यासाठी बँकॉक गाठलेला थाई माणूस गावी परततो तो याच सणाला. परक्या पाहुण्याच्या नजरेस मात्र आधी पडते ती बँकॉकच्या खाओ सान रस्त्यावरची किंवा चिआंग माईच्या खंदकाकाठची पिचकाऱ्यांची गर्दी; ज्यांचा एप्रिल टँकरच्या फेऱ्या मोजण्यात जातो त्या नांदेड-लातूरच्या वाचकांना ही निव्वळ नासाडी वाटली तर नवल नाही.

मूळ विधीला लागणारे पाणी मात्र फार थोडे असते. सकाळी 'वाट' म्हणजे विहारात जाऊन भिक्खूंना अन्नदान केले जाते आणि फुलांनी सुवासिक केलेले पाणी बुद्धमूर्तीच्या मस्तकावर नव्हे, तर खांद्यावर व अंगावर हलकेच ओतले जाते. त्यानंतरचा 'रोत नाम दाम हुआ' हा ज्येष्ठांच्या सन्मानाचा विधी सणाचा खरा गाभा होय. घरातील वडीलधारी मंडळी ओळीने बसून जोडलेले हात पुढे करतात, धाकटे गुडघे टेकून छोट्या वाटीतून त्यांच्या तळहातांवर बारीक धार सोडतात, वर्षभरातील अपराधांची क्षमा मागतात, आणि बोटांतून निथळणारे पाणी पाकळ्यांसह खालच्या भांड्यात साठत असताना वडीलधारे आशीर्वाद देतात. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याचा घट देणाऱ्या मराठवाड्याला या धारेमागील भाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. विहाराच्या अंगणात वाळूचे लहान स्तूपही रचले जातात, कारण वर्षभर भाविकांच्या पावलांना चिकटून बाहेर गेलेली माती परत करणे हे कर्तव्य मानले जाते.

या सणाची कथा तर अवर्षणाच्या भयाशीच जोडलेली आहे. मनुष्याची श्री सकाळी, दुपारी व सायंकाळी कोठे वसते, हे कबिल फ्रोम या देवाने घातलेले कोडे पक्ष्यांची भाषा जाणणाऱ्या थम्मबान या कुमाराने सोडवले आणि पैजेनुसार देवाला आपले शिर द्यावे लागले. परंतु ते भूमीवर ठेवल्यास आग भडकेल, आकाशात फेकल्यास पाऊस थांबेल व समुद्रात टाकल्यास पाणी आटेल, म्हणून त्याच्या सात कन्या आळीपाळीने दरवर्षी ते मिरवतात, अशी ही कथा आहे.

हे भय केवळ कथेतले नाही. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे 12 एप्रिल 2016 रोजी 10 वाघिणींतून सुमारे 5 लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली, त्याच आठवड्यात थायलंडही तीव्र दुष्काळात होता आणि सोंगक्रानमध्ये पाणी जपून वापरण्याचे आवाहन तेथील सरकारला करावे लागले होते. त्या वर्षी पिचकाऱ्यांना आवर घालणे भाग होते. तळहातावरच्या धारेला तशी गरज नव्हती. युनेस्कोने 2023मध्ये सोंगक्रानला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले, त्यामागे ही कौटुंबिक बाजू प्रकर्षाने होती, हे उचितच झाले.

म्हणून पाहुण्याने आरंभ विहारापासून करावा, खांदे व गुडघे झाकलेले कपडे घालावेत, भिक्खू, वृद्ध व तान्ह्या मुलांवर पाणी उडवू नये, आणि एखाद्या घरी बोलावणे आल्यास तेथील आजी-आजोबांच्या हातांवर पाणी घालण्याचा मान आनंदाने स्वीकारावा. रस्त्यावरचा खेळ त्यानंतर आहेच. मात्र दुचाकीवर बसून तो खेळू नये, कारण मद्यधुंद वाहनचालकांमुळे या सुट्टीचा आठवडा थायलंडमध्ये 'सात धोक्याचे दिवस' म्हणून ओळखला जातो.