जात बघावी की कुत्रा?

अमेरिकेतल्या सरकारी श्वान-निवाऱ्यांत भटका कुत्रा आला की त्याची जात बहुधा अंदाजानेच लिहिली जाते. रुंद डोकं, भरदार छाती आणि आखूड केस दिसले की ‘पिट बुल’ अशी नोंद होते. त्याचं पुढचं नशीब बरंचसं या दोन शब्दांवर ठरतं. एरिझोना स्टेट विद्यापीठाच्या लिसा गंटर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक तुलना प्रसिद्ध केली. दिसायला सारखेच, पण पाटीवर दुसरी जात असलेले कुत्रे लवकर दत्तक गेले. ‘पिट बुल’ ठरलेल्यांना तिपटीहून जास्त दिवस थांबावं लागलं. जागा अपुरी असलेल्या निवाऱ्यात असं रेंगाळणं जिवावर बेतू शकतं.

बरं, हा अंदाज तरी बरोबर असतो का? फ्लोरिडात चार निवाऱ्यांतल्या १२० कुत्र्यांची डीएनए तपासणी झाली. कर्मचाऱ्यांनी ६२ कुत्रे पिट बुल वर्गातले ठरवले होते; जनुकांत तो वंश आढळला फक्त २५ कुत्र्यांत. संकरित कुत्र्याचं रूप असंच फसवतं, कारण केस, रंग, ठेवण ही मोजक्या जनुकांची करामत असते. स्वभावामागे मात्र असंख्य जनुकं असतात, शिवाय संगोपन आणि अनुभवही. ‘सायन्स’मधल्या २०२२ च्या मोठ्या अभ्यासानुसार कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे पडतो.

फ्लोरिडातल्याच ऑरेंज काउंटीच्या निवाऱ्याने २०१४ मध्ये पिंजऱ्यांवरून जातीचा उल्लेखच काढून टाकला. पिट बुल वर्गातल्या कुत्र्यांचं दत्तक जाण्याचं प्रमाण ५२ वरून ६४ टक्क्यांवर गेलं. ही एकाच ठिकाणची, आधीच्या वर्षाशी केलेली तुलना आहे. त्यामुळे सगळं श्रेय पाटीला देता येणार नाही. पण या बदलाला खर्च जवळजवळ शून्य होता.

ताकदवान कुत्रा चावला तर जखम खोल होते, हे खरंच. म्हणून तर घरी नेणाऱ्याला त्या एका कुत्र्याची खरी माहिती हवी. निवाऱ्यात बावरलेल्या कुत्र्याची एकदाच घेतलेली परीक्षाही पुरेशी नाही. आधीच्या मालकाने सांगितलेला इतिहास, रोज फिरायला नेणाऱ्या स्वयंसेवकांची निरीक्षणं आणि काही दिवस एखाद्या घरी ठेवून आलेला अनुभव या गोष्टी जास्त उपयोगी ठरतात. निवाऱ्यांनी मेहनत घ्यायची ती इथे.