अंगणात गॅस मांडताना



पाहुणे जमले की वस्तीवर शेगडी अंगणात निघते. उघड्यावर गॅस उडून जातो, ही समजूत खरी नव्हे. हा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत पसरतो, चरात नि खड्ड्यात साचतो. म्हणून टाकी सपाट जागी उभीच ठेवा, शेगडी तिच्याहून उंचावर. पाचटाची गंजी नि पेटती चूल लांब हवी. वाऱ्याने जाळ विझला तरी गॅस चालूच राहतो. तेव्हा शेगडीजवळून हलू नका. नळी आय.एस.आय. शिक्क्याची, दीड मीटरपर्यंत. ५ वर्षांनी बदला. सांध्याला साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर गळती समजा. काडी ओढून मात्र पाहू नका! वास येताच रेग्युलेटर बंद करा, माणसे लांब न्या, १९०६ ला फोन लावा. जेवण उशिरा झाले तरी चालेल.