वृद्धांचें प्रगतिपुस्तक

घरांतील वृद्धांची प्रकृति कशी आहे असें कोणीं विचारलें, कीं "वयोमानाप्रमाणें ठीक आहे" हें आपलें ठरलेलें उत्तर असतें. माझ्या थोरल्या वहिनींविषयीं आम्ही दोन वर्षें हेंच सांगत होतों. एके दिवशीं न्हाणींत त्या पाटावर बसल्या त्या उठूं शकल्या नाहींत. तेव्हां कळलें कीं, कित्येक महिने त्या धाकट्या सुनेकडून अंगावर पाणी घालून घेत होत्या. वहिनी मानी, त्या बोलल्या नाहींत. सून सुशील, तीहि बोलली नाहीं.

मुलांची प्रगति आम्ही मास्तर मंडळी दर सहामाहीस लिहून काढीत असूं. वृद्धांच्या शक्तीची तशी नोंद ठेवतां येते काय? येते. अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें डॉ. सिडनी कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनीं १९६३ सालीं एक कोष्टक प्रसिद्ध केलें. स्नान, वस्त्र नेसणें, शौचास जाणें, अंथरुणांतून अथवा खुर्चींतून उठणें, मलमूत्रावरील ताबा आणि स्वहस्तें भोजन, अशा त्यांत सहा बाबी आहेत. रोगाचें नांव विचारीत नाहींत. हें कर्म मनुष्य परसाह्यावांचून करितो कीं नाहीं, एवढेंच पाहतात. खुब्याचें हाड मोडलेल्या व इतर रुग्णांचें निरीक्षण करितांना कॅट्झ यांस दिसलें कीं, बरें होतांना भोजनाची शक्ति आधीं परत येते व स्नानाची शेवटीं. लहान मूलहि बहुधा याच क्रमानें शिकतें. शक्ति जातांना क्रम उलटा, म्हणजे प्रथम स्नान. आमच्या वहिनींचें अक्षरशः तसेंच झालें होतें.

पुढें १९६९ सालीं लॉटन व ब्रॉडी यांनीं बाजारहाट, स्वयंपाक, औषध घेणें, पैशाचा व्यवहार इत्यादि आठ बाबींचें दुसरें कोष्टक केलें. त्यांत पुरुषांस स्वयंपाक, घरकाम व धुणें यांची चक्क माफी होती! तें वाचून मला हंसूं आलें. पण अडचण खरी आहे. एकत्र कुटुंबांत हातांत तांब्या आयता मिळणाऱ्या आजोबांस एखादें काम येत नाहीं, होत नाहीं, कीं करावें लागत नाहीं, हें विचारून कसें कळणार?

म्हणून प्रत्यक्ष करवून पाहण्याची रीति निघाली. गुराल्निक प्रभृतींनीं १९९४ सालीं मांडलेल्या परीक्षेंत तोल सांभाळून उभें राहणें, थोडें अंतर नेहमींच्या गतीनें चालणें व छातीवर हात बांधून खुर्चींतून पांच वेळां उठणें, यांस प्रत्येकीं ४ असे १२ गुण असतात. आपल्या देशांत २०१७-१८ सालीं मुंबईच्या लोकसंख्याविज्ञान संस्थेनें पंचेचाळिशीपुढील व त्यांचे जोडीदार मिळून सुमारें ७२,००० जणांची जी पाहणी केली, तींतहि प्रश्नांच्या जोडीस वृद्धांची चाल व हाताची पकड मोजली होती.

मीं स्वतःवर प्रयोग केला. खुर्ची भिंतीस टेकविली, शेजारीं नातवास उभें केलें. पांच उठबशांस १३ सेकंद लागले, गुण ३. सहा महिन्यांनीं १६ सेकंद, गुण २. मधल्या काळांत मला कांहीं दुखत नव्हतें, आणि विचारलें असतें तर मींहि "ठीक आहे" म्हटलें असतें. हल्लीं मी वैद्यांच्या सल्ल्यानें रोज जिना चढतों.

वहिनींच्या न्हाणींत आतां भिंतीस दांडी व बसावयास उंच चौरंग आहे. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर सून दर महिन्याच्या पहिल्या तारखेस सहा बाबी लिहिते. गेले दोन महिने "स्नान" या शब्दापुढें "स्वतः" असें पडलें आहे.