बारदानाचा वास

लासूर स्टेशनच्या एका व्यापाऱ्याने विचारलंय : बाहेरचं गिऱ्हाईक सौद्यात 'फूड ग्रेड ज्यूट' लिहायला लावतं, मोंढ्यात मिळतं ते बारदान आणि हे, यात फरक काय? ताग तो तागच ना?

नव्या गोणीत नाक खुपसून बघा. घासलेटासारखा वास येतो, तो तागाचा नव्हे. ताग राठ असतो. कातण्याआधी मऊ पडावा म्हणून गिरणीत त्यावर तेल-पाण्याचं मिश्रण मारतात आणि हे तेल वर्षानुवर्षं खनिज तेलच असायचं, कारण ते स्वस्त. पाणी उडून जातं, तेल धाग्यात मुरतं आणि त्याची वाफ सावकाश आतल्या मालात उतरते. पण सगळ्याच मालात सारखी नाही. स्निग्ध मालाला ती चटकन धरते. म्हणूनच बोभाटा झाला तो गहू-मक्यावरून नाही, तर कोको आणि हेझलनटवरून. १९९०च्या दशकात युरोपातल्या चॉकलेटवाल्यांनी हा प्रश्न लावून धरला. घानाचा कोको, पोती भारत-बांगलादेशची, खाणारे युरोपातले. तिघांचीही पंचाईत.

शेवटी १९९८मध्ये, ढाक्यात मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय ज्यूट संघटनेने कोको, कॉफी आणि सोललेल्या दाण्यांच्या पोत्यांसाठी मानक ठरवलं. त्यातली कसोटी मला फार आवडते. वनस्पती तेलात कॉस्टिक घातला की त्याचा साबण होतो. खनिज तेलाचा काही केल्या होत नाही. तेव्हा साबण न होणारा अंश मोजायचा. तो पोत्याच्या किलोमागे १२५० मिलिग्रॅमच्या आत हवा. शिवाय पोत्याला वास येता कामा नये. गिरण्यांनी मग तांदळाच्या कोंड्याचं तेल धरलं.

आपल्याकडे १९८७च्या कायद्याने धान्य आणि काही प्रमाणात साखर तागातच भरायची सक्ती आहे. निर्यातीच्या मालाला त्यातून सूट. म्हणजे बाहेरचा ग्राहक पोतं निवडू शकतो, रेशनवरचा निवडू शकत नाही. सक्तीच करायची तर कोकोच्या तोडीच्या बारदानाची करा, असं माझं जुनं म्हणणं आहे. ज्यूट गिरण्यांना ते आवडत नाही.

आता लासूरचा हिशेब. कांद्यात स्निग्धांश नावालाच असतो आणि त्याला वारा लागतो, तेव्हा जाळीची पिशवी बरी. मक्याच्या दाण्यात तेल चारेक टक्के, तेही बहुतेक कोंबात. तिथे फार घाबरायला नको. पण कधी शेंगदाण्याचा सौदा आला, तर त्यात जवळपास निम्मं तेल असतं हे ध्यानात ठेवा. तेव्हा त्याच लॉटचा चाचणी-अहवाल पुरवठादाराकडून आधी हातात घ्या आणि बारदान कोरंच घ्या. एकदा वापरलेल्या पोत्यात आधी काय भरलं होतं, ते कोणताही अहवाल सांगत नाही.