पऱ्हाट्यांच्या जाळावर

हवाई बेटांवर जमिनीत खड्डा खणतात, तापलेल्या दगडांवर केळीचे चेचलेले खांब नि पानं अंथरतात आणि अख्खं डुक्कर त्यात पुरून भाजतात. त्या भट्टीला तिथे इमू म्हणतात. आपल्या रायगडात थंडी पडली की मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यासोबत वालाच्या शेंगा आणि कोंबडी भरून भोवती पालापाचोळा पेटवतात, ती पोपटी. तापीकाठी, बुऱ्हाणपूरच्या शेताशिवारात, हा मान वांग्याचा.

बुऱ्हाणपूर सरकारदरबारी मध्य प्रदेशात असलं तरी जिभेनं खानदेशी आहे. फारुकी सुलतानांच्या खानदेशची ही राजधानी. 1601 मध्ये अशीरगड अकबराच्या हाती पडला आणि ते राज्य संपलं. पुढे इंग्रजी अमलात हे शहर मध्य प्रांताच्या निमाडात गेलं, जळगावकडचा मुलूख मुंबई इलाख्यात राहिला. पाट्या हिंदीत आल्या, वांगं मात्र रावेर-यावलचंच राहिलं.

हे वांगं जांभळं नसतं. पोपटी-हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हातात मावणार नाही एवढं मोठं. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव त्यासाठी घेतात, आणि ‘जळगाव भरीत वांगी’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. निवडताना जाणती माणसं रंगापेक्षा वजन बघतात. आकारानं मोठं पण हातात हलकं लागलं तर घ्यायचं. जड लागलं की आत बिया भरल्या.

मसाल्याची चर्चा लोक उगाच करतात. भरिताची सगळी चव जळणात आहे, आणि ते जळण म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्या, पऱ्हाट्या. पऱ्हाटी भसकन पेटते, मोठा जाळ देते आणि लवकर विझते. वांग्याला नेमकं तेच हवं असतं: साल करपावी, गर शिजावा, पण आतला रस आटू नये. लाकडाच्या ओंडक्याला एवढी घाई नसते. गॅसवर एका जागी काळं होतं, दुसऱ्या जागी कच्चं राहतं. त्याला भरीत म्हणणं हा केवळ शहरी समजूतदारपणा.

वांग्यांना सुरीनं टोचे मारून तेलाचा हात लावतात, नाहीतर जाळात ती फुटतात. खाली काड्यांचा आडवा-उभा थर, त्यावर वांगी, वर पुन्हा काड्या, आणि काडी ओढायची. जाळ बसला की लांब काठीनं वांगी उलटवायची. देठाशी रस उकळून फसफसू लागला, काठी टेकवताच अंग आत गेलं, की बाहेर काढायची. साल हातानं सोलतात. पाण्याखाली धरणाऱ्याला म्हाताऱ्या बाया अजून बोलणी घालतात, कारण धुराचा वास पाण्याबरोबर जातो. हिरव्या मिरच्याही त्याच निखाऱ्यात भाजून घेतात. मग लाकडी बडगीत मिरची-लसूण ठेचायची, त्यातच गर घालून घोटायचा. वरून शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलेल्या पिठाची.

चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच वांग्याला तोंड लावतात. रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे. पऱ्हाटीचा जाळ कणकेच्या त्या जाड गोळ्याला पुरत नाही. तिथे दमानं राहणारा विस्तव लागतो. म्हणून एकाच अंगणात दोन चुली दिसतात.

अडचण आता जळणाचीच आहे. बुऱ्हाणपूर जिल्हा केळीचा झाला. केळीचं खोड म्हणजे निव्वळ पाणी. हवाईवाले ते खड्ड्यात घालतात तेही वाफेसाठी, जाळासाठी नव्हे. जेवायला पान देईल, पण चूल पेटवायची नाही. कपाशी उरली तिथेही गुलाबी बोंडअळीमुळे काड्या बांधावर साठवू नका, असा कृषी विभागाचा सल्ला असतो, आणि तो रास्त आहे: अळी त्या काड्यांवरच्या किडक्या बोंडांत दडून पुढच्या हंगामापर्यंत टिकते. ज्यांना भरिताचा नाद आहे ते यावर एक तोड काढतात. बोंडं झडवून, वाळलेल्या काड्यांच्या दोन-चार मोळ्या शेतापासून लांब, घराच्या पडवीत आणून ठेवतात. पाहुण्यांना जेवायचं आमंत्रण देण्याआधी त्या मोळ्या कोरड्या आहेत ना, हे बघून घेतात.