‘बॅक’ला कोण राहणार?

पावसाची एक मोठी सर येऊन गेली, की फणसवाडीत कुणाच्या तरी घरातून फुटबॉल बाहेर निघतो. गाड्या उभ्या करून जी काय जागा उरेल तेवढंच मैदान. इकडे दोन चपला, तिकडे दोन विटा, झाले गोल तयार! खेळ सुरू व्हायच्या आधी भांडण मात्र ठरलेलं. “मी फॉरवर्ड!” “काल तूच होतास, आज मी!” शेवटी सगळ्यांत लहान किंवा सगळ्यांत गरीब स्वभावाचा जो असेल, त्याला फर्मान सुटतं, “तू बॅकला राहा रे.” मग तो बिचारा चपलांपाशी हाताची घडी घालून उभा. बॉल आला तर मारायचा, नाही तर पुढची गंमत बघत बसायची.

आजची गोष्ट खास या बॅकवाल्यासाठी आहे. ती एका शाळामास्तरांची आहे.

सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचं नाव. जन्म १९०९ चा, हैदराबादचा. शाळेत शिकवायचे आणि फुटबॉलवर जीव टाकायचे. १९५० पासून ते हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले आणि भारताच्या संघाचेही. खेळाडू त्यांना ‘रहीमसाब’ म्हणत. मास्तरकी मात्र काही सुटली नाही. ते स्पर्धाही अशा भरवायचे, की ऐकून हसू यावं. एका स्पर्धेत बॉल पायात घोळवत पुढे न्यायला बंदी, पास द्यायचाच. दुसरीत फक्त कमजोर पायानं खेळायचं! उजव्या पायानं सगळं करणाऱ्याला डाव्यानं खेळायला लावलं तर काय होईल? करून बघा एकदा, म्हणजे कळेल.

आता तुम्ही म्हणाल, हैदराबादच्या मास्तरांचं गिरगावात काय काम? काम आहे. फणसवाडीतून निघायचं, चिराबाजार, धोबीतलाव, चर्चगेट करत ओव्हल मैदानाच्या दक्षिण टोकाला गेलं की कूपरेज. पायी जाण्यासारखं अंतर आहे. १८९१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रोव्हर्स कपचे मोठमोठे सामने याच कूपरेजवर रंगायचे. आणि हा कप रहीमसाबांच्या पोलिसांनी १९५० ते १९५४ असा ओळीनं पाच वर्षं नेला. दर वर्षी यायचं, मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत कप उचलायचा आणि हैदराबादची गाडी धरायची! (ही स्पर्धा २०००-०१ नंतर बंद पडली. फार वाईट झालं.)

रहीमसाबांचं मोठेपण फक्त गोल करण्यात नव्हतं. बचावाकडे बघण्याची त्यांची नजर वेगळी होती. त्या काळी बहुतेक संघ मागे तीनच बॅक ठेवत. रहीमसाब मागे चार, मध्ये दोन आणि पुढे चार अशी मांडणी वापरू लागले. ब्राझीलनं १९५८ चा विश्वचषक याच मांडणीनं जिंकला आणि ती जगभर गाजली. आपले मास्तर साधारण त्याच सुमारास हैदराबादेत तिचे धडे देत होते. वरवर पाहता मागे एक माणूस वाढला, म्हणजे घाबरून दार लावून घेतलं असं वाटेल. पण तसं नाही. पाठीशी सोबती आहे म्हटल्यावर बॅक जागेवर उभा न राहता पुढे झेपावून बॉल हिसकावू शकतो.

कबड्डी आठवा. लालबाग-परळच्या पोरांना हे सांगायला नको. चढाई करणारा आत आला की बचाव करणारे शेवटच्या रेषेला चिकटून राहतात का? छे! साखळी सरकते, कोपरा टपून असतो, आणि तो जरा चुकला की पकड. गुण मिळतो तो पकडणाऱ्याला. फुटबॉलमधला दणकट बचाव असाच असतो.

असा पकड घालणारा एक खेळाडू रहीमसाबांच्या संघात होता. मोहन बागानचा जर्नैलसिंग. घसरत जाऊन समोरच्याच्या पायातला बॉल काढण्यात त्याचा हातखंडा. भलेभले फॉरवर्ड त्याला बिचकून असत.

१९६२ साली जाकार्ताला आशियाई खेळ होते. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियानं आपल्याला २-० हरवलं. पुढचा थायलंडचा सामना आपण ४-१ जिंकला, पण त्यात जर्नैलचं डोकं फुटलं. टाके घालावे लागले. जपानविरुद्ध तो खेळू शकला नाही, तरी आपण २-० जिंकलो. मग उपांत्य सामना आला. टाक्यांवर पट्टी बांधलेल्या बॅकला पुन्हा बचावात उभं करणं धोक्याचं. दुसरा कुणी असता तर त्यानं जर्नैलला बाकावर बसवलं असतं. रहीमसाबांनी काय करावं? त्याला सेंटर फॉरवर्ड केलं! स्टॉपरची जागा अरुण घोषनं सांभाळली. माझ्या मते आपल्या फुटबॉलमध्ये याहून धाडसी निर्णय क्वचितच झाला असेल. जर्नैलनं दक्षिण व्हिएतनामवर गोल ठोकला आणि आपण ३-२ असे अंतिम फेरीत.

समोर पुन्हा कोरिया. त्यात स्टेडियम भारताच्या विरोधात खवळलेलं. यजमानांनी इस्रायल आणि तैवानला येऊ दिलं नव्हतं, त्यावर एका भारतीय पदाधिकाऱ्यानं हरकत घेतली होती. त्याचा राग आपल्या खेळाडूंवर निघत होता. लाखभर लोक ओरडत होते. आपल्या बाजूनं टाळ्या कोण वाजवत होतं माहीत आहे? पाकिस्तानचा हॉकी संघ!

रहीमसाब तेव्हा आजारी होते, खोकला थांबत नव्हता. सामन्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मुलांकडे एकच भेट मागितली. उद्याचं सुवर्णपदक.

४ सप्टेंबर १९६२. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीचा गोल. विसाव्या मिनिटाला जर्नैलचा! मग उरलेला जवळजवळ सगळा सामना ही आघाडी राखायची होती. कोरियन लाटांसारखे चालून येत होते. त्यांना एक गोल मिळाला, तोही अगदी शेवटच्या पाच मिनिटांत. २-१! मास्तरांना भेट मिळाली.

या संघात मुंबईचाही वाटा होता बरं का. राइट बॅक चंद्रशेखर मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळायचा आणि हाफ बॅक फॉर्चुनाटो फ्रँको टाटांकडून. दोघं २०२१ मध्ये गेले, काही महिन्यांच्या अंतरानं.

रहीमसाबांना तर वर्षही मिळालं नाही. ११ जून १९६३ रोजी कर्करोगानं त्यांचा मृत्यू झाला. आशियाई खेळांत फुटबॉलचं सुवर्ण त्यानंतर भारताला मिळालेलं नाही. २०२४ मध्ये त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा घरोघरच्या आई-बाबांनाही हे नाव पहिल्यांदाच कळलं.

आता पुढची सर येऊन गेली, की वाडीत पुन्हा चपला मांडल्या जातील आणि पुन्हा तोच प्रश्न निघेल. तेव्हा जर्नैलसिंगची गोष्ट कुणी तरी सांगा. फक्त एक काळजी घ्या. ती ऐकून सगळेच “मी बॅक! मी बॅक!” करू लागले, तर फॉरवर्डला कोण जाणार यावरून भांडण व्हायचं!