विश्लेषण : कापडी पिशवी तळातूनच का उसवते?

घरी शिवलेली पिशवी जाते ती बहुधा तळातून. येडगावहून नारायणगावच्या बाजाराला गेले, की कांदे-बटाटे-टोमॅटो मिळून पाच-सात किलो सहज होतात. त्यात दुचाकीच्या हुकला अडकवलेली पिशवी प्रत्येक खड्ड्यात हिसका खाते.

टिकणे महत्त्वाचे का?
राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे. मात्र कापूस पिकवून कापड तयार करण्याचा पर्यावरणीय भार मोठा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, तापमानवाढीच्या बाबतीत एकदाच वापरलेल्या प्लास्टिक पिशवीपेक्षा सुती पिशवी सरस ठरायला ती १३१ वेळा वापरावी लागते. आठवड्याला एक बाजार धरला तर अडीच वर्षे! जुन्या साडीची पिशवी असेल तर हा हिशेब लागू नाही. पण ते कापड आधीच विरलेले, म्हणून तळ अधिकच पक्का हवा.

तळ पक्का कसा करायचा?
दोन तुकडे जोडले, की सारे वजन तळाच्या एका टिपेवर येते. त्यापेक्षा एकच लांब तुकडा मधोमध दुमडावा. तळाला शिवणच राहत नाही. दुमडीवर जुन्या जीन्सचा तुकडा आतून लावावा, तो दोन्ही बाजूंना चार बोटे वर चढलेला असावा. दोन्ही कापडे आधी धुऊन घ्यावीत, नाहीतर एक आटते आणि तळाला चुण्या पडतात.

खरा फरक पडतो तो निवारीच्या पट्टीने. अनेक जण बंद फक्त तोंडाशी शिवतात. तीच पट्टी एका बाजूने खाली, तळाखालून पलीकडे आणि पुन्हा वर नेली, तर वजन कापडाऐवजी पट्टी उचलते. तोंडाशी चौकोनात फुलीची टीप मारावी. जाड थरांना १६ नंबरची सुई घ्यावी. टीप फार बारीक नको. सुईच्या दाट छिद्रांवरच कापड फाटते.

सपाट बुडासाठी पुठ्ठा घातला तर ओल्या भाजीने तो लिबलिबित होतो. तेलाच्या रिकाम्या कॅनची सपाट बाजू कापून, कोपरे गोल करून घालावी. धुताना काढता येते. खताची गोणी मजबूत असली तरी भाजीच्या पिशवीला तिचे अस्तर नकोच.

जुनी पिशवी मोडायची गरज नाही. ती उलटी करून तळाला ठिगळ आणि बाहेरून पट्टी लावता येते.